बाबांच्या खिशातलं मीठ

आमच्या गावातून भिवंडीत जायला दोन रस्ते आहेत. एक मानकोलीवरून जातो, त्यावर कंटेनर उभे असतात. दुसरा खाडीच्या कडेने मिठाच्या चौकीवरून जातो, त्यावर भूत उभं असतं. आमच्या गावची माणसं कंटेनरपेक्षा भूत परवडलं म्हणतात आणि दुसऱ्या रस्त्याने जातात. फक्त जाताना डब्यात मीठ नेत नाहीत.

चौकी म्हणजे फार काही नाही. दगडी भिंती, एक कमान, कमानीच्या फटीतून उगवलेलं उंबराचं झाड. शाळेतले सर सांगायचे, पोर्तुगीजांनी बांधली. सरपंच सांगायचे, इंग्रजांनी. माझी आई सांगते, सरकारनी. आईच्या लेखी आजवरची सगळी सरकारं एकच आहेत आणि सगळ्यांनी तिला सारखाच त्रास दिला आहे. खाडीकाठच्या मिठागरांतलं मीठ या चौकीवरून जायचं आणि त्यावर जकात बसायची, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

तर या चौकीवर एक शिपाई होता. सरकारच्या मिठाला इतका जागणारा, की बाजाराला जाणाऱ्या बायकांच्या टोपल्या तर उपसायचाच, वर त्यांच्या भाकरीचा तुकडा मोडून चाखायचा. खारट लागला की विचारायचा, जकात कुठे भरलीस? एक दिवस असाच कुणा बाईचा सुक्या बोंबलाचा डबा जप्त करून खात बसला आणि त्याला ठसका लागला. पाणी द्यायला कोणी थांबलं नाही, कारण प्रत्येकीच्या टोपलीत थोडंथोडं मीठ होतं. गेला बिचारा. पण ड्युटी सुटली नाही. अजून तो तिथेच उभा असतो आणि मीठ घेऊन जाणाऱ्याला चकवा लावतो. म्हणजे माणूस निघतो कशेळीला आणि गोल गोल फिरून पोचतो मानकोलीला. आता सरळच सांगायचं तर आजकाल मोबाइलवरचा नकाशा बघून निघालेला माणूसही कशेळीला निघून मानकोलीलाच पोचतो, पण ते खापरही आमच्याकडे शिपायावरच फुटतं.

मी भिवंडीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर लोकांना सुया टोचून माझी जीभही तशीच झाली आहे, असं घरचे म्हणतात. म्हणू देत. मध्यंतरी पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये आमच्या लॅबचा आरोग्य कॅम्प होता. तिथल्या एचआर मॅडम नव्या, कुठल्यातरी लांबच्या शहरातून आलेल्या. मला बाजूला घेऊन कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या भागातली माणसं तब्येतीला किती जपतात हो. सगळ्यांचे डबे बिनमिठाचे." मी म्हटलं, "हो ना, फार जपतात." कॅन्टीनमधल्या मिठाच्या बरण्या जेवणाच्या सुट्टीत तळाला का जातात, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माणसाला मीठ पोचल्यावर पाहिजे असतं. चौकी ओलांडताना नको असतं, एवढाच काय तो आमचा पथ्यपाण्याचा विचार.

ट्रकवाल्यांनी तर सगळं उलटंपालटं करून टाकलंय. त्यांना कुणीतरी ही गोष्ट अर्धीमुर्धी सांगितली. त्यांनी समजून घेतलं की इथे मीठ वाहायचं असतं. आता गाड्या हळू करून "नमकवाले बाबा, सलामत रखना" म्हणतात आणि मिठाची अख्खी पिशवी कमानीत ठेवून जातात. ज्या शिपायाने मिठापायी जीव गमावला त्याच्या पुढ्यात आता पावसात विरघळणारा मिठाचा ढीग असतो. गावातलं कुणी त्याला हात लावत नाही. शेजारी गोडाऊनांचा नवा लॉजिस्टिक पार्क झाला, त्याची भिंत सरळ येते आणि चौकीपाशी पोटात दुखल्यासारखी वाकडी होते. जेसीबीवाल्याने चौकी बघितली, कमानीतला ढीग बघितला, "अपने को नहीं मंगता" म्हणाला आणि चावी काढून चहा प्यायला गेला. त्याच्यामागून दुसरा आला, तोही चहाच पिऊन गेला. शेवटी भिंतच वळवली.

या सगळ्या प्रकारात आमच्या गावात एकच माणूस असा होता, जो रोज चौकीवरून छाती काढून मीठ घेऊन जायचा. ते माझे बाबा.

बाबा विजेच्या खात्यात वायरमन होते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. करंट दिसत नाही, पण हात लावला की असतो. भूत दिसत नाही आणि हात लावला तरी नसतं. आम्ही बौद्ध, त्यात बाबा विहारात पहिल्या रांगेत बसणारे. लग्न झाल्यावर सासुरवाडीच्या माणसांनी त्यांना प्रेमाने सांगितलं, जावईबापू, चौकीवरून ड्युटीला जाता, मीठ नका नेऊ. झालं. डिवचायला एवढं पुरलं. बाबांनी कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी घेतली, घरातलं मीठ तिच्यात भरलं आणि शर्टाच्या खिशात टाकली. तेव्हापासून सायकलची स्कूटर झाली, पहिल्या स्कूटरची दुसरी झाली, बाबा रिटायर झाले, पण डबी तीच आणि रस्ताही तोच. रिटायर झाल्यावर ते रोज पेपर वाचायला आणि कटिंग प्यायला भिवंडीत जातात, तेही चौकीवरूनच.

नुसते गेले असते तर चाललं असतं. पण बाबा चौकीपाशी गाडी थांबवायचे, डबी काढून कानाजवळ खुळखुळवायचे आणि कमानीकडे बघून म्हणायचे, "आहे का कोणी? मीठ चाललंय. जकात घ्यायची असेल तर घ्या." मी शाळेत जाताना मागच्या सीटवर असायचे. भुतापेक्षा मला मागून येणाऱ्या मैत्रिणींची जास्त भीती वाटायची.

बाबांच्या ओरडण्याला आमच्या घरात कुणी भीक घालत नाही. ओरडून झालं की ते चहा मागतात. भीती असते ती त्यांच्या अबोल्याची. माझ्या काकांनी टेम्पो घेतला तेव्हा गाडी चौकीवर नेऊन नारळ फोडला. काकांचं म्हणणं, हप्ते भरायचे आहेत, कुणाशी वाकडं नको. बाबांना कळलं. ओरडले नाहीत, चहा मागितला नाही, फक्त काकांशी बोलणं सोडलं. सख्खा भाऊ, भिंतीला भिंत लागून घर. तो टेम्पो विकून भंगारातसुद्धा गेला, पण बाबांचा अबोला काही सुटला नाही. विहारात दोघं एकाच सतरंजीवर बसतात आणि मधे एक अख्खं कुटुंब मावेल एवढी जागा सोडतात. त्या मोकळ्या जागेकडे बघून आई दर वेळी उसासा टाकते.

आता आई. आई चौकीच्या पलीकडच्या गावची. लहानपणापासून शिपायाच्या गोष्टी ऐकत वाढलेली. पण बाबांसमोर तिने कधी ब्र काढला नाही. बाबा भुताखेतांवर बोलायला लागले की मान डोलवायची आणि तांदूळ निवडायची. आम्हाला वाटायचं, बाबांचं पटलंय तिला.

दोन गोष्टी मात्र मला तेव्हाच खटकायला हव्या होत्या. पहिली, बाबांचा डबा. रात्री घरी जेवताना कालवण झणझणीत, मीठ कसं नेमकं. आणि तीच आई सकाळी डबा करायची तो सपक. बाबा कामावरून आले की म्हणायचे, "डब्यातली भाजी आज पण अळणी होती." आई म्हणायची, "असंल." मग बाबाच आम्हाला समजावायचे, की अन्न गार झालं की जिभेला मिठाची चव कमी कळते, यात शास्त्र आहे. दुसरी गोष्ट मुंग्या. बाबांचा शर्ट खुंटीला टांगला की थोड्या वेळाने खिशापर्यंत मुंग्यांची रांग लागायची. त्यावरही बाबांकडे शास्त्र तयार होतं. वायरमनचा घाम गळतो, घामात क्षार असतात, मुंगीला क्षार लागतात. मी हे शाळेत सांगितलं आणि बाईंनी मला शाबासकी दिली. कप्पाळ माझं.

मागच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी गावी गेले होते. दर रविवारी जाते, कारण बाबांना शुगर आहे आणि मी गेले नाही तर ते आठवडाभर बिस्किटांचा फडशा पाडतात आणि आई त्यावर पांघरूण घालते. त्या दिवशी विहार समितीचे अध्यक्ष घरी आले होते. अध्यक्षांना माइक फार आवडतो. घरात माइक नव्हता तरी ते माइक असल्यासारखंच बोलत होते. पौर्णिमेच्या कार्यक्रमात बाबांचा सत्कार करायचं ठरलं होतं, म्हणजे शाल, पुष्पगुच्छ आणि चार शब्द. विषय असा की या माणसाने उभ्या जन्मात भुताच्या नाकावर टिच्चून मीठ नेलं आणि त्याच्या केसाला धक्का लागला नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? जाताजाता ते म्हणाले, "आणि दादा, ती डबी पाहिजे बरं का. तुम्ही स्टेजवर ती उघडायची आणि त्यातलं मीठ आपल्या मुलांना चिमूट चिमूट चाखायला द्यायचं. म्हणजे मनातली भीती जाईल."

बाबा खूश. इतके की बिस्कीट मागायचं विसरले.

मी आत गेले तर आई ओट्याला टेकून उभी. चेहरा पांढरा. मला वाटलं, बीपी. मनगट धरायला गेले तर तिने माझाच हात घट्ट पकडला.

"बाय, त्या डबीत मीठ न्हाय."

"म्हणजे?"

"साखर हाय."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी खालीच बसले. आईने कुजबुजत सगळं सांगितलं. नवं लग्न, नवरा खिशात मीठ घेऊन शिपायाला हाका मारतो, कुठल्या बायकोला झोप लागेल? डबी नुसती रिकामी केली तर वजनावरून कळलं असतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने मीठ काढून साखर भरली. पावसाळ्यात ओल धरून गोळा व्हायची, की नवी भरायची. डब्याच्या भाजीतही मीठ घालायचं बंद केलं. घरी रात्री वाढायचा प्रश्न नव्हता, घर चौकीच्या अलीकडे.

"साखरच का पण?"

"दिसाया मिठासारखी पाह्यजे ना. आन त्यानं कधी डबी धरलीच, चाखून बघितली, तं तोंड गोड होईल त्याचं. सोडून देईल यांना."

म्हणजे आमचे बाबा एवढी वर्षं ज्या भुताला आव्हान देत होते, त्याच भुताला आई त्यांच्याच हातून लाच पाठवत होती. मला हसू आवरेना. मी पदर, म्हणजे तिचाच पदर, तोंडात कोंबून हसले. आई हसत नव्हती.

"हसतेस काय? उद्या सगळ्यांसमोर डबी उघडतील. सख्ख्या भावाशी बोलले न्हाईत अजून. माझ्याशी बोलायचं सोडलं तं या वयात मी कुणाशी बोलू? तू रविवारी येतीस. बाकीच्या दिवशी घरात कोण हाय मला?"

मग मात्र माझं हसू पार गेलं. आईला भुताची भीती होती ती कधीच जुनी झाली होती. आता तिला बाबांची होती, आणि ती खरी होती.

ठरलं की डबीत पुन्हा मीठ भरायचं. सोपं काम. बाबा विसरभोळे, डबी शर्टात, शर्ट खुंटीला. पण सत्काराचं ऐकल्यापासून बाबांनी डबी खिशातून काढून बैठकीतल्या फळीवर, बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवली होती आणि स्वतः त्या फळीखाली खुर्ची टाकून भाषणाची तयारी करत बसले होते. उठतच नव्हते. आईने दोनदा चहाला हाक मारली, ते म्हणाले इथेच आण.

शेवटी मी म्हटलं, मिक्सर. आईने आतून हाक मारली, "अवं, मिक्सरला करंट येतोय." वायरमनला ही हाक म्हणजे आगीच्या बंबाला घंटा. बाबा ताडकन उठून आत गेले. मी मिठाची पुडी घेऊन फळीकडे धावले. डबीचं झाकण असं बसलं होतं की निघेना. नखाने उचकटलं, दाताने ओढलं, एकदाचं निघालं. आत साखरेचे खडे आणि दोन मुंग्या, ऐटीत बसलेल्या. साखर ओतायला ओंजळ केली आणि आतून बाबांचा आवाज आला, "मेन बंद करून बघतो. टेस्टर फळीवर आहे." अरे देवा. मी झाकण लावलं, डबी जागेवर ठेवली, मिठाची पुडी मुठीत दाबली. बाबांनी टेस्टर घेतला, डबीही घेतली, खिशात टाकली आणि म्हणाले, "मुंग्या लागल्यात बघ घामाला."

मिक्सरला करंट येत नव्हता हे त्यांना लगेच कळलं. आईला म्हणाले, "तुझा भास आहे. भूत पण असंच असतं." आणि त्या रात्री डबी उशाखाली घेऊन झोपले.

पौर्णिमेला सकाळी आम्ही तिघं रिक्षाने विहारात निघालो. विहार चौकीच्या पलीकडे. रिक्षावाला उत्तरेकडचा, चौकी आली तसा त्याने एक हात कपाळाला लावला आणि म्हणाला, "नमकवाले बाबा." बाबा त्याला पूर्ण रस्ताभर समजावत राहिले, मराठीत सुरू केलं आणि तावात आल्यावर हिंदीत, की "भाई, वो बाबा वगैरे कुछ नहीं, ये देखो, मेरे जेब में नमक है, तीस साल से, मुझे कुछ हुआ?" आई माझ्या शेजारी बाहेर बघत बसली होती. तिने पांढरी साडी नेसली होती आणि ती स्वतःही साडीइतकीच पांढरी दिसत होती. माझ्या पर्समध्ये मिठाची पुडी होती. ती शेवटपर्यंत पर्समध्येच राहिली, कारण बाबांनी डबी मुठीतून सोडलीच नाही.

विहार भरला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, काका नेहमीचं अंतर राखून. वंदना झाली, त्रिशरण झालं, पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील बाबा नेहमीच बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्याने म्हणतात. त्या दिवशी तर खिडक्यांच्या काचा हलल्या. आईच्या ओठांतून मात्र आवाज येत नव्हता. मी तिचा हात धरला.

मग अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि तो बराच वेळ परत दिला नाही. चौकीचा इतिहास सांगितला, त्यात त्यांनी ती पोर्तुगीज आणि इंग्रज दोघांनी मिळून बांधली असं करून टाकलं. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला. "आणि आता," अध्यक्ष म्हणाले, "दादा आपल्याला ते मीठ दाखवतील. मुलांनो, पुढे या."

पोरं पुढे सरकली. बाबांनी खिशातून डबी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, माइकपाशी खुळखुळवली. स्पीकरमधून केवढा आवाज आला तो. मग झाकण उघडलं.

डबीच्या काठावरून एक मुंगी बाहेर आली. निवांत चालत बाबांच्या अंगठ्यावर चढली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आत बघितलं. चिमूट काढली, जिभेवर ठेवली आणि तोंड मिटलं.

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. वायर जोडताना ते तोंडात स्क्रू धरून असे गप्प उभे असायचे, कुठली तार कुठे जाते ते मनात लावत. डब्याची अळणी भाजी, खुंटीवरचा शर्ट, मुंग्या, सगळ्या तारा त्यांनी तिथे उभ्या उभ्या जोडल्या असणार. कारण नंतर त्यांनी मान वर केली ती सरळ बायकांच्या बाजूला. आई सतरंजीकडे बघत होती. सुटलेला एक दोरा बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होती.

"काय दादा?" अध्यक्षांनी माइक पुढे केला. "कसं आहे मीठ?"

बाबांनी घसा खाकरला.

"खारट," बाबा म्हणाले.

टाळ्या पडल्या. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच अध्यक्षांनी तळहात पुढे केला. "वा, मग पहिली चिमूट आम्हाला. आणि मग मुलांना." पोरांचेही हात पुढे. आईने माझी बोटं अशी आवळली की आजही दुखतात. बाबांनी त्या हातांकडे बघितलं, डबीकडे बघितलं, आणि ती अख्खी डबी तोंडात उपडी केली.

विहाराला दिसलं ते एवढंच. म्हातारा माणूस मूठभर मीठ कचाकचा चावून खातोय. बाबांनी मध्येच आठवण झाल्यासारखं तोंड वाकडं केलं. अभिनय त्यांना कधीच जमला नाही, त्यांचं मिठाचं तोंड पेढा खाल्ल्यासारखं दिसत होतं. अध्यक्ष माइकमध्येच ओरडले, "पाणी आणा, पाणी." काका उठले, मधली सगळी रिकामी जागा ओलांडून आले आणि बाबांच्या हातात तांब्या दिला. बाबांनी घेतला, घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "पुरे." काकांशी ते एवढंच बोलले, पण बोलले. अध्यक्षांनी जाहीर केलं की भुतालाही न घाबरणारा माणूस मिठाला काय घाबरणार, आणि पुन्हा टाळ्या.

परत येताना रिक्षात कोणी बोललं नाही. चौकी आली, गेली. बाबांनी ना गाडी थांबवायला सांगितली, ना कमानीकडे बघितलं. आई पदराची गाठ मारत आणि सोडवत होती. मला वाटलं, झालं, अबोला सुरू झाला.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं तर ग्लुकोमीटर काढला. शुगरच्या माणसाने डबीभर साखर फस्त केली होती, मी लेक नंतर, लॅबवाली आधी. बाबांनी मुकाट बोट पुढे केलं. आकडा आला तो बघून मी कपाळाला हात लावला.

"काय खाल्लंत, बाबा?" मी मुद्दाम विचारलं. आई दाराच्या चौकटीत उभी होती.

"मीठ," बाबा म्हणाले.

"मिठाने शुगर वाढत नाही."

"शुगरच्या पेशंटची गोष्ट वेगळी असते. जिभेचं आणि रक्ताचं काहीतरी असतं. शास्त्र आहे त्यात. तू लॅबमध्ये आहेस, तुला माहीत पाहिजे."

मला हसू आलं आणि त्याच्यासोबत रडूही आलं. मी उगाच सुई डब्यात टाकण्यात वेळ काढला.

आईने ताटं वाढली. तिघं जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास खाल्ला, कालवण नेहमीसारखं, मीठ नेमकं. अर्धं जेवण झालं. मग बाबांनी डाव्या हाताने खिशातून ती काळी डबी काढली आणि आईच्या ताटाशेजारी ठेवली.

"रिकामी झाली," ते म्हणाले. "उद्या पेपर वाचायला जायचंय. भरून ठेव."

आई डबीकडे बघत राहिली. मग तिने ती जवळ ओढली. "काय भरू?"

बाबांनी कालवणात भाकरी कुस्करली, मान खाली घालून.

"रोज जे भरतेस तेच."